नुसतं करत राहणं आणि सराव : फरक नेमका कुठे पडतो?

मंद्रसप्तक :
मी तबला शिकते. बरीच वर्षं झाली, रोज बसते, खाडा क्वचितच. सुरुवातीला दर थोड्या दिवसांनी काहीतरी नवं हाताला लागायचं, मग हळूहळू ते थांबलं आणि आता एक ठरावीक लय आली की बोल फुटायला लागतात, त्यातही तळहाताने वाजवायचा धिरधिर हा बोल आला की हमखास. खालच्या लयीत सगळं स्वच्छ, जरा चढवलं की चिखल.

मेहनत कमी पडतेय असं मला वाटत नाही. रोज तोच कायदा (तबल्याची ठरलेली रचना), तेच पलटे (तिचे फिरवून केलेले प्रकार), त्याच क्रमाने वाजवते, तास कसा जातो कळत नाही, हात भरून येतात आणि आज छान बसले असं समाधानही वाटतं. पण गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग आणि या महिन्यातलं एकापाठोपाठ ऐकलं तर फरक सांगता येत नाही. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की मी सराव करतेय का नुसतं वाजवतेय.

माझं मत आता असं होत चाललंय की तास मोजून उपयोग नाही, त्या तासात काय करतो ते बघायला पाहिजे. पण म्हणजे करायचं काय? तबल्यावरच बोला असं नाही. खेळ, भाषा, हस्तकला, शिकवणं, कोडिंग, काहीही चालेल. तुमची गाडी कुठे अडली होती आणि कशाने सुटली ते जरा सविस्तर लिहा.

कोरापाट :
वाचतोय. तबल्याच्या जागी जर्मन टाकलं की हा धागा माझाच आहे.

खटपट्या :
माझं लाकूडकाम. कूस आणि खाच बसवताना सांधा सैल यायचा. मी आपला सांध्यावर सांधे करत होतो, की दहा वाईट झाले तर अकरावा चांगला होईल. मग एका जाणत्या मिस्त्रींकडे जायला लागलो तर त्यांनी अख्खा सांधा करूच दिला नाही. टाकाऊ फळीवर रेघा मारायच्या आणि रेघेला लागून करवत चालवायची बस. अट एवढीच की कापून झाल्यावर रेघेची अर्धी जाडी फळीवर दिसली पाहिजे. मग कापलेल्या कडेला गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावायचा, उजेडाकडे धरायचं, फट दिसली की ती वर आहे का खाली, डावीकडे का उजवीकडे, ते तिथेच पेन्सिलीने लिहायचं. मगच पुढची रेघ.

हे कंटाळवाणं वाटेल पण झालं काय, की फळीभर लिहून झाल्यावर दिसलं की जवळजवळ प्रत्येक ठिकाणी फट खालीच आहे आणि उजवीकडेच आहे. म्हणजे करवत सुरुवातीला सरळ जात होती आणि शेवटच्या भागात कलत होती, कारण तेव्हा कोपर अंगापासून लांब जात होतं. नुसते सांधे करत बसलो असतो तर हे जन्मात कळलं नसतं, कारण सैल सांधा फक्त ‘सैल’ एवढंच सांगतो, कुठे बिघडलं ते सांगत नाही.

तेव्हा मंद्रसप्तक, माझा प्रश्न असा की तुझं धिरधिर नक्की कुठे फुटतं? पहिल्या धिरला का दुसऱ्या? आणि फुटतं म्हणजे आवाज दबतो, का उशिरा येतो?

अर्धविराम :
+१. अर्धी रेघ दिसली पाहिजे, हे फार आवडलं.

धुरकट :
एवढा विचार कशाला करायचा. १० हजार तास पूर्ण करा, आपोआप येईल. नियमच आहे तो.

लेगस्टंप :
@धुरकट, मंद्रसप्तकच्या शेजाऱ्यांचाही विचार करा जरा :) एव्हाना अख्खा कायदा त्यांना पाठ झाला असेल, कुठे फुटतो ते त्यांनाच विचारायला हवं.

तिरपीरेघ :
@धुरकट, तसा नियम नाहीये. १० हजारचा आकडा ज्यावरून आला तो अभ्यास मुळात १९९३ चा, आंदेर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांवर. सगळ्यात चांगल्या गटाचा एकट्याने केलेला रियाज वयाच्या १८व्या वर्षापर्यंत सरासरी ७,४१० तास निघाला, त्याखालच्या गटाचा ५,३०१ आणि जे पुढे संगीतशिक्षक होणार होते त्यांचा ३,४२०. १० हजार हा आकडा विसाव्या वर्षाच्या आसपासचा, तोही त्या वरच्या गटाची सरासरी, म्हणजे त्या गटातल्याही कितीजणांचे तास त्याहून कमीच होते. तिथे पोचलं की दार उघडतं असं त्यात कुठेच नाही.

आणि खुद्द एरिक्सन आयुष्यभर हेच सांगत राहिले की तास हा मुद्दा नाही. आपल्याला जमत नाही अशी एखादी बारीक गोष्ट निवडायची, पूर्ण लक्ष देऊन करायची, काय चुकलं ते लगेच कळायची सोय करायची आणि बदलून पुन्हा करायची. खटपट्यांचे मिस्त्री नेमकं हेच करत होते, कुठलाही पेपर न वाचता. त्या विद्यार्थ्यांबद्दल अजून एक : ते सलग चार-चार तास बसत नव्हते, साधारण तास-दीड तासाच्या बैठका आणि मध्ये विश्रांती, आणि वरचे दोन गट दुपारी झोपही जास्त काढायचे.

रातकिडा :
दुपारची झोप! आता घरी दाखवायला पुरावा मिळाला :D

आकडेमोड :
मी जरा विरुद्ध बाजू मांडतो कारण असे धागे फार लवकर ‘प्रयत्नांती परमेश्वर’वर जाऊन पोचतात. २०१४ मध्ये मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी ८८ अभ्यास एकत्र करून तपासले. माणसामाणसांतल्या कामगिरीत जो फरक दिसतो त्यातला किती फरक अशा हेतुपूर्वक सरावामुळे आहे, असा प्रश्न. बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४ आणि नोकरी-व्यवसायात १ टक्क्याहून कमी. म्हणजे सराव लागतोच, पण उरलेलं बरंचसं दुसरीकडून येतं. सुरुवात कुठल्या वयात झाली, शिकवणारं कोण मिळालं, अंगची कुवत किती, स्मरणशक्ती कशी. सगळं सरावाच्याच माथी मारलं की ज्याला जमत नाही तो स्वतःला आळशी समजायला लागतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

तिरपीरेघ :
आकडेमोड, आकडे बरोबर आहेत. एरिक्सननी त्यावर आक्षेप घेतला होता की त्या ८८ मध्ये कुठलाही सराव ‘हेतुपूर्वक’ म्हणून मोजलाय, तो वाद चालूच राहिला. पण माझं म्हणणं वेगळं आहे. ते टक्के माणसामाणसांतल्या फरकाचे आहेत. मंद्रसप्तक विचारतेय ते तिच्या आजच्या आणि उद्याच्या हातातल्या फरकाबद्दल. कुवत बदलता येत नाही, उद्याचा तास बदलता येतो. ती दुसऱ्या कुणाशी स्पर्धा करतच नाहीये.

आकडेमोड :
हे मान्य. आळशी हा शब्द कुणी कुणाला लावू नये, एवढाच माझा आग्रह.

शुभ्रकोट :
नोकरी-व्यवसायात १ टक्क्याहून कमी, यावर थोडं लिहिते कारण मी वैद्यकीय क्षेत्रात आहे. अनुभव वाढला की डॉक्टर आपोआप चांगला होतो असं रुग्णांना वाटतं, आम्हालाही वाटतं. २००५ मध्ये यावर एक मोठा आढावा आला होता, त्यात ६२ अभ्यास बघितले होते आणि निम्म्याहून जास्त अभ्यासांत उलटं दिसलं, जितकी प्रॅक्टिसची वर्षं जास्त तितकी गुणवत्तेच्या मोजमापात घसरण. ते वाचून मला राग आला होता, मग विचार केल्यावर पटलं.

कारण बघा, मी औषध दिलं, रुग्ण परत आला नाही. तो बरा झाला म्हणून आला नाही, का दुसरीकडे गेला, का अजून अंगावर काढतोय, मला कळायचा मार्गच नाही. सर्जनला टेबलवरच दिसतं की रक्तस्राव थांबला का नाही. एक्स-रे वाचणाऱ्याला मात्र आपलं निदान बरोबर होतं का हे कित्येकदा महिनोन्महिने कळत नाही, कधी कळतच नाही. तेच काम वीस वर्षं केलं तरी उत्तर परत येत नसेल तर शिकणार कशातून?

म्हणून मी आता रोज शंकास्पद वाटलेल्या केसेस एका वहीत नाव न घालता टिपते, माझा अंदाज आणि त्यावर मला किती खात्री आहे तेही लिहिते आणि आठवड्याच्या शेवटी फोन करून पुढे काय झालं ते विचारते. वेळ जातो. पण कुठल्या लक्षणाला मी कायम कमी लेखते हे त्या वहीने दाखवलं, आणि ते मला दुसऱ्या कुणीही सांगितलं नसतं.

वेलांटी :
शुभ्रकोट, हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद आहे. वही ठेवणं ठीक, पण आधी अंदाज लिहून ठेवणं, ही खरी मेख. नाहीतर निकाल कळल्यावर प्रत्येकाला वाटतं की मला माहीतच होतं.

मी शिकवते. मुलांचं आणि पालकांचं एक ठाम मत असतं की धडा पुन्हा पुन्हा वाचला म्हणजे अभ्यास झाला. २००६ चा रोडिगर आणि कार्पिक यांचा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. एका गटाने उतारा चारही वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीन वेळा पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४० वर आले आणि लिहिणारे ६१ वर होते. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास चार वेळा वाचणाऱ्यांनाच जास्त होता!

मंद्रसप्तक, तू लिहिलंयस की बसून उठल्यावर समाधान वाटतं. मला तिथेच शंका येते. सोपं जाणं आणि शिकणं या दोन गोष्टी एकत्र येतातच असं नाही. वर्गात ज्या दिवशी सगळं सुरळीत जातं त्या दिवशी मुलांना आधीच येत होतं ते मी शिकवलेलं असतं.

लेगस्टंप :
क्रिकेटशिवाय धागा कसा पुरा होणार! १९९८ ला ऑस्ट्रेलिया भारतात आली, शेन वॉर्न राउंड द विकेट येऊन लेगस्टंपबाहेरच्या उखडलेल्या भागात चेंडू टाकणार हे सचिनला माहीत होतं. म्हणून मालिकेआधी त्याने लक्ष्मण शिवरामकृष्णनला बोलावून, लेगच्या बाहेरची खेळपट्टी मुद्दाम उकरून तिथेच चेंडू टाकायला लावले. नेटमध्ये नुसते खूप चेंडू खेळला असं नाही, ज्या एका चेंडूची भीती होती तोच चेंडू तयार करून घेतला. चेन्नईला पहिल्या डावात वॉर्ननेच त्याला ४ वर काढलं, आणि दुसऱ्या डावात नाबाद १५५. अजून अंगावर काटा येतो.

धुरकट :
आणि २००४ ला सिडनीत? तिथे तर कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही असं ठरवून नाबाद २४१ केले. म्हणजे जिथे अडतं ते सुधारलं नाही, बाजूलाच ठेवलं. मग हे सगळं दुबळ्या जागेवर काम करा प्रकरण कुठे गेलं?

लेगस्टंप :
अरे वा, बिनतोड मुद्दा काढलास. पण सामन्याच्या दिवशी सराव करायचा नसतो. त्या मालिकेत ऑफस्टंपबाहेर ड्राइव्हच्या नादात तो बाद होत होता, सिडनीत जेवढं हातात होतं त्यावर खेळला. सुधारणा नेटमध्ये, निर्णय मैदानात. मंद्रसप्तकनेही कार्यक्रमात धिरधिर जमत नसेल तर त्या दिवशी खुशाल वगळावं, दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याच्यापासूनच सुरुवात करावी.

धुरकट :
हे पटलं. १० हजारवालं विधान मागे घेतो.

अर्धविराम :
मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. प्रत्येक गोष्टीत सुधारलंच पाहिजे का? मी संध्याकाळी बासरी वाजवतो, चार धुना येतात, त्याच वाजवतो, मन शांत होतं. मला पाचवी नको आहे. हल्ली कुठलाही छंद सांगितला की लोक लगेच लक्ष्य काय, प्रगती किती, कुठलं ॲप वापरतोस असं विचारतात. त्याचाच शीण येतो.

खटपट्या :
अर्धविराम, अजिबात राग नाही. मी पण रविवारी काहीही न मोजता नुसता रंधा मारत बसतो, त्या पातळ सालींचा वास आणि आवाज यासाठीच. पण त्याला मी सराव म्हणत नाही आणि त्यातून हात सुधारेल अशी अपेक्षाही ठेवत नाही. दोन्ही वेळा वेगळ्या ठेवल्या की दोन्हींचा आनंद टिकतो. त्रास होतो तो एकीकडून दुसरीची अपेक्षा ठेवली की.

मंद्रसप्तक :
अर्धविराम, चार धुना मनापासून वाजवणारा माणूस मला कधीही आवडेल. पण मला ते धिरधिर हवंय हो. मनापासून हवंय.

तारयंत्र :
उशिरा आलो. अडून राहण्याबद्दलचा फार जुना अभ्यास आहे, १८९७ चा, ब्रायन आणि हार्टर या अमेरिकन संशोधकांचा, तार पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या ऑपरेटरांवर. तार पाठवण्याचा वेग सलग वाढत गेला पण ऐकून घेण्याचा वेग मधे बराच काळ सपाट राहिला आणि मग एकदम चढला. त्यांचं स्पष्टीकरण असं की आधी माणूस कट्ट-कडकट्ट ऐकून एकेक अक्षर ओळखतो, मग अख्खे शब्द, मग शब्दांचे गट. सपाट काळात खालची पायरी पक्की होत असते म्हणून वरून काही हलताना दिसत नाही. प्रत्येक सपाट काळ असाच असतो असं नाही, पुढच्या संशोधकांनी त्यावर शंकाही घेतल्या. पण एक पडताळा घेता येतो : तू धिरधिर चार वेगळे आघात म्हणून मोजतेस का एक हालचाल म्हणून? मोजत असशील तर त्या लयीच्या वर जाताच येणार नाही.

रातकिडा :
आणि क्रम बदल! रोज त्याच क्रमाने वाजवते म्हणालीस ना. १९७८ मध्ये कर आणि बूथ यांनी लहान मुलांना लक्ष्यावर पिशव्या फेकायला लावल्या. आठ वर्षांच्या मुलांतला एक गट फक्त ३ फुटांवरून, दुसरा २ आणि ४ फुटांवरून. शेवटी परीक्षा ३ फुटांवरून घेतली तर ज्यांनी ३ वर एकदाही सराव केला नव्हता ते पुढे निघाले. मी पोहताना तेव्हापासून एकच अंतर एकाच वेगाने कधी करत नाही.

(दुपारच्या झोपेचं पण सोडू नकोस, हाताच्या हालचाली झोपेत पक्क्या होतात यावर बरंच काम झालंय. हे मी विनोद म्हणून लिहीत नाहीये.)

शुभ्रकोट :
एक व्यावसायिक सूचना. हात भरून येणं वेगळं आणि मनगटात चमक येणं, बोटं बधिर होणं वेगळं. दुसरं होत असेल तर त्यातून वाजवत राहू नकोस, आधी दाखवून घे. थकलेला हात चुकीची हालचाल शिकतो, मग ती घालवायला दुप्पट वेळ.

मंद्रसप्तक :
सगळ्यांचे आभार. सगळ्यांची उत्तरं एकदम देते कारण मधले दिवस नुसतं बोलण्यापेक्षा करून बघितलं.

शुभ्रकोट, चमक वगैरे नाही, पण विश्रांती घ्यायला लागले. खटपट्यांचा प्रश्न मला उत्तर न देता आल्याने टोचला होता. फोन बाजूला ठेवून हाताचा स्लो मोशन व्हिडिओ काढला. धिरधिरमध्ये तळहात करंगळीच्या बाजूने पडतो आणि मग अंगठ्याच्या बाजूकडे कलतो, तो नुसता कलायला हवा. माझा हात लय वाढली की कलतच नाही, मधे शाईवरून (तबल्याच्या मधल्या काळ्या गोलावरून) सुटून वर उचलला जातो आणि पुन्हा पडतो. खालच्या लयीत त्या उचलण्याला वेळ मिळतो म्हणून आवाज स्वच्छ येतो. म्हणजे मी रोज तासभर ते उचलणंच पक्कं करत होते! तारयंत्र, तुमचा अंदाज अगदी बरोबर, माझ्या हाताच्या हिशोबात ते चार आघातच होते.

सरांना व्हिडिओ दाखवला तर ते म्हणाले कायदा बाजूला ठेव. आता नुसतं धिरधिर, तेही फुटतं त्याच्या किंचित खालच्या लयीत, हात शाईवरून सुटला की थांबायचं. मधे दुसरं काहीतरी वाजवून पुन्हा त्यावर यायचं. दहा-पंधरा मिनिटांतच डोकं थकतं, पूर्वीच्या तासाने थकायचं नाही इतकं. लय अजून वाढलेली नाही, उलट दोन पावलं मागेच गेल्यासारखं वाजतंय.

तिरपीरेघ :
मागे जाणं अपेक्षितच आहे. गोल्फपटू टायगर वूड्सने १९९७ ची मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली आणि त्यानंतर स्वतःचा स्विंग मोडून नव्याने बांधायला घेतला. १९९८ मध्ये पीजीए टूरवर त्याला एकच विजेतेपद मिळालं, लोक संपला म्हणाले. १९९९ मध्ये आठ. तू फक्त मधल्या काळात जुन्या हाताकडे परत जाऊ नकोस, तो मोह फार होतो कारण जुना हात आज तरी बरा वाजतो.

कोरापाट :
सगळं वाचलं, दोनदा. माझी जर्मनची गाडी मात्र तिथेच आहे. ऐकून कळतं, वाचून कळतं, बोलताना नामाचं लिंग आणि विभक्ती आली की वाक्य कोसळतं. शब्दांचं ॲप रोज करतो, सगळी उत्तरं बरोबर येतात. माझ्या बाबतीत गुण्या काय आणि फळी काय ते कुणी सांगेल का?

वेलांटी :
ॲपमध्ये सगळं बरोबर येतंय म्हणजे ते सोपं झालंय, तो वेळ कमी कर. तुला समजणारा चार-पाच वाक्यांचा छोटा उतारा घे, मराठीत लिहून काढ आणि मूळ बाजूला ठेव. दोन दिवसांनी मराठीवरून पुन्हा जर्मनमध्ये लिही आणि मग मूळ शेजारी ठेवून प्रत्येक der, die, das (नामाआधी येणारी, लिंगाप्रमाणे बदलणारी उपपदं) आणि विशेषणाचा शेवट तपास. चुकलेल्यांची वेगळी यादी कर, म्हणजे तुझी फट कुठल्या बाजूला आहे ते दिसेल. बहुतेकांची डेटिव्ह विभक्तीमध्ये असते. ते लिहून जमलं की तीच वाक्यं तोंडी, रेकॉर्ड करून. पहिला उतारा इथे टाक, मला जर्मन येतं, मी तपासून देते.

कोरापाट :
टाकतो आज रात्रीच. डेटिव्हच असणार, माझी पैज.